दुसऱ्याच्या कानांनी श्रीलंका

सह्याद्रीत वर्षानुवर्षे पक्षी पाहिलेला माणूस श्रीलंकेच्या सिंहराजा जंगलात पहिल्यांदा शिरतो, तेव्हा तासाभरात त्याची गुर्मी उतरते. पक्षी अगदीच परके असतात असं नाही. कोतवाल आहे, तांबट आहे, धनेश आहे, भारद्वाजही आहे. पण प्रत्येकाचा आवाज ओळखीच्या आवाजापासून जरासा सरकलेला. कान म्हणतो हा माहितीतला, आणि दुर्बिणीत नुसती पानं. अशा वेळी पुढे चालणारा गाइड थांबतो, हात किंचित वर करतो आणि डावीकडच्या वेताच्या जाळीकडे तोंड करून नुसता उभा राहतो. बोटही दाखवत नाही. दोन मिनिटांनी त्या जाळीतून काहीतरी हलतं.

परदेशी पक्षी-सहलींच्या जाहिराती फोटोंवर चालतात. इक्वेडोरचे हमिंगबर्ड, युगांडाच्या दलदलीतला शूबिल, श्रीलंकेचा निळा मॅगपाय. त्यामुळे आपण पैसे डोळ्यांसाठी मोजतो अशी समजूत होते. घनदाट जंगलाच्या बाबतीत ती चुकीची आहे. गाडी, खोली, जेवण, तिकिटं हे सगळं आजकाल घरबसल्या जमवता येतं. मुंबईहून कोलंबोचं विमान अडीच तासांचं. जमवता येत नाही तो त्या वाटेवर आठवड्यातून चार-पाचदा चालणाऱ्या माणसाचा कान. सहलीच्या किमतीतला तोच भाग खरा, बाकीचा हिशेब हॉटेलवाल्यांचा.

पहिल्या परदेशी पक्षी-सहलीसाठी श्रीलंकेइतकी सोयीची जागा मराठी पक्षीनिरीक्षकाला दुसरी नाही. बेट महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं, आणि फक्त तिथेच आढळणारे पक्षी, कोणती सूची मानता त्यावर, ३३-३४ किंवा थोडे अधिक. पश्चिम घाट आणि श्रीलंका हा जैवविविधतेच्या भाषेत एकच तप्तबिंदू (हॉटस्पॉट), म्हणजे इतरत्र न आढळणाऱ्या जीवजातींनी दाटलेला प्रदेश, धरतात, त्यामुळे उरलेल्यांपैकी कित्येक जण आपलेच. मलबारी कर्णा (ट्रोगन) तिथेही आहे. कोकणात पावसाच्या तोंडावर शीळ घालणारा नवरंग हिवाळ्यात तिथल्या झाडीत खालच्या पाचोळ्यात हिंडताना दिसतो. ओळखीच्या आणि अनोळखीच्या या सरमिसळीमुळेच गाइड नेमकं काय भर घालतो ते कळतं. थेट इक्वेडोरला गेलं तर सगळंच नवं. तिथे गाइडने सांगितलं नसतं तर काय सुटलं असतं याचा अंदाजही येत नाही.

नेहमीचा मार्ग असा: विमानतळावरून कितुलगला, तिथून सिंहराजा, मग दक्षिणेकडे कोरड्या पट्ट्यात उडावलवे आणि तिस्समहाराम-बुंदलाची पाणथळं, तिथून वर नुवारा एलिया, शेवटी कँडी किंवा सिगिरिया. दहा-बारा दिवस. काळ जानेवारी ते मार्च. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मेपासून ओल्या पट्ट्याला झोडपतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरातही तिथे दुपारचे जोरदार पाऊस असतात, आणि एप्रिल संपेपर्यंत हिवाळी पाहुणे परतलेले असतात. नकाशावरचं अंतर बघून कार्यक्रम आखणाऱ्यांची इथे फसगत होते. डोंगराळ भागात शंभर किलोमीटरला तीन तास सहज लागतात, कधी चार. ज्या कार्यक्रमपत्रिकेत सिंहराजाला एकच रात्र आहे ती बाजूला ठेवावी. एक सकाळ पावसात गेली की संपलं. दोन रात्री किमान, तीन उत्तम.

सिंहराजाचं मुख्य आकर्षण कोणताही एक पक्षी नव्हे, मिश्र थवा आहे. कुडावाच्या बाजूने आत जाणारी वाट म्हणजे मुळात लाकूडतोडीचा रस्ता. १९७० च्या दशकात प्लायवुडसाठी इथली झाडं यंत्रांनी तोडली जात होती. विरोध झाला, १९७७ साली तोड थांबली, आणि १९८८ मध्ये जंगल जागतिक वारशाच्या यादीत गेलं. ट्रकसाठी केलेली ती रुंदी आज पक्षी पाहायला उपयोगी पडते, कारण रस्ता ओलांडताना थव्याला क्षणभर उघड्यावर यावं लागतं. थव्याचा गाभा नारिंगी चोचीच्या सातभाईंचा. ते पंधरा-वीस जण कलकलाट करत पुढे सरकतात आणि त्यांच्याबरोबर शिखाधारी कोतवाल. मग बाकीचे येऊन मिळतात. अनेक वर्षांच्या नोंदींवरून इथल्या एका थव्यात सरासरी ११ जातींचे मिळून ४० च्या आसपास पक्षी असतात असं अभ्यासकांना आढळलं आहे. दिंडी गावाजवळून जाताना घराघरातून माणसं निघून तिच्यात सामील व्हावीत, तसं हे चालतं.

सातभाई पालापाचोळा, वाळक्या फांद्या, साली उचकत जातात. त्यात उडालेले किडे कोतवाल टिपतो. बदल्यात तो पहारा देतो. ससाणा-शिक्रा दिसला की त्याची आरोळी. हाच कोतवाल इतरांच्या आवाजांच्या नकलाही करतो, आणि त्या नकला ऐकून बाकीच्या जाती थव्याकडे खेचल्या जातात असं तिथल्या संशोधनातून दिसलं. म्हणजे जंगलात आपल्याला ऐकू आलेला आवाज ज्याचा वाटतो त्याचाच असेल याची खात्री नाही. नवखा माणूस नकलेमागे धावतो. गाइड धावत नाही.

थवा पाहायचा कसा, हे आधी कुणी सांगत नाही आणि तिथे सांगायला वेळ नसतो. थवा दहा-पंधरा मिनिटांत निघून जातो. सातभाई सर्वांत आधी, सर्वांत जास्त आणि सर्वांत मोठ्याने दिसतात, म्हणून सगळ्यांच्या दुर्बिणी त्यांच्यावर खिळतात. तोवर वर वेलींच्या गुंत्यात तांबड्या चेहऱ्याचा मलकोहा आवाज न करता सरकून गेलेला असतो. त्याला पाहायचं तर नजर झाडाच्या शेंड्याकडे, जिथे फांद्यांवर वेली दाटलेल्या असतात तिथे. कर्णा मधल्या उंचीवर आडव्या फांदीवर पाठ करून निश्चल बसतो. हललेलं पान शोधणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. राखी डोक्याचे लाफिंगथ्रश जमिनीलगत. निळा मॅगपाय कुठेही, पण तो स्वतःच ओरडून सांगतो. थव्याच्या मागे जाऊ नये. तो कोणत्या दिशेने सरकतोय ते गाइडला कळलं की तो पुढच्या वळणावर नेऊन उभं करतो, आणि थवा आपल्याकडे येतो. या घडीला कॅमेऱ्याच्या मागचा माणूस सर्वांत तोट्यात असतो: एका मॅगपायचे तीनशे फोटो, आणि बाकीच्या आठ-दहा जातींचा पत्ता नाही.

म्हणूनच सहल निवडताना गटाची संख्या हा पहिला प्रश्न असावा, किमतीच्याही आधी. एका गाइडमागे सहा माणसं उत्तम, आठ चालतील. बारा माणसं जंगलवाटेवर एका ओळीत चालली की शेवटच्या चौघांना पुढच्यांच्या पाठी दिसतात. चांगला गाइड रोज पुढची जागा फिरवतो आणि न विचारता फिरवतो. तो दिशा सांगतो ती घड्याळाच्या काट्यांनी आणि खुणांनी: सरळ समोरचं मोठं झाड म्हणजे बारा, त्याच्या डावीकडे दहा वाजता वाळलेली फांदी, तिच्या टोकापासून हातभर आत. बोटाने दाखवलेली जागा फक्त बोट दाखवणाऱ्याच्या उंचीवरून खरी असते. हिरवा लेझर वापरलाच तर पक्ष्याच्या बराच खाली, खोडावर, आणि क्षणभर. पक्ष्यावर लेझर मारणाऱ्या गाइडबरोबर पुन्हा जाऊ नये. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण, लागला की एकेकाने चार-पाच सेकंद पाहून बाजूला व्हायचं, सगळ्यांचं झालं की पुन्हा रांगेत. स्कोप पकडून 'अहाहा' करणारा एक जण प्रत्येक गटात असतो.

दुर्बीण ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगांची. दहापटीचा मोह ओल्या जंगलात आवरावा: दहापटीत हाताची थरथर वाढते, दृश्याचा घेर आक्रसतो आणि उजेड कमी पडतो. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो, १० ने भागलं की ४.२, पहाटे सहाला पानांखाली हा फरक जाणवतो. आणखी एक गोष्ट हमखास घडते. रात्रभर वातानुकूलित खोलीत ठेवलेली दुर्बीण बाहेरच्या दमट हवेत आणली की काचा धूसर होतात आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं, म्हणजे सकाळची सर्वांत मोलाची, पुसण्यात जातात. झोपताना ती पिशवीत बंद करून खोलीच्या सर्वांत उबदार कोपऱ्यात ठेवावी आणि निघायच्या अर्धा तास आधी बाहेर काढावी.

जळवांची भीती अनाठायी, पण तयारी हवीच. घट्ट विणीच्या सुती कापडाचे गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे तिथेही मिळतात. ते नेहमीच्या मोज्यांवरून, पँटचा पाय आत घेऊन, बुटाच्या आत घालायचे. रंग फिका, म्हणजे चढणारी जळू दिसते. वरच्या काठाला सिद्धालेप नावाचं तिथलं बाम किंवा डेटॉलचा साबण चोळतात. चिकटलेली जळू ओढू नये, नखाने तिच्या तोंडाची बाजू सरकवली की सुटते. जखम दुखत नाही पण रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. कागदी रुमाल दाबून धरायचा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर गाइडला आधी सांगून ठेवावं. पावसासाठी छत्री बरी. नायलॉनचे रेनकोट प्रत्येक पावलाला खसखसतात, आणि जिथे सगळा खेळ ऐकण्याचा आहे तिथे ती खसखस सगळ्या गटाला भोवते. फराळाच्या पुड्यांच्या प्लास्टिकचंही तेच. लाडू-चकल्या डब्यात घेऊन जाव्यात. शाकाहारींसाठी एक इशारा: तिथल्या नारळाच्या चटणीत, म्हणजे सांबोलात, आणि काही भाज्यांतही सुक्या माशाचा, म्हणजे तिथल्या उंबलकडचा, चुरा घालतात. तो दिसत नाही. फक्त 'व्हेज' म्हणून भागत नाही, 'उंबलकड नको' असं स्वयंपाकघरात पोचवावं लागतं.

कितुलगलाच्या जंगलाचं नाव पक्षीनिरीक्षकांच्या तोंडी आहे ते एका छोट्या घुबडामुळे, आणि ती हकिकत संपूर्ण कानाची आहे. दीपाल वारकागोडा हे श्रीलंकेतले पक्ष्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करणारे अभ्यासक. १९९५ मध्ये त्यांना इथे रात्री एक मऊ, एकसुरी शीळ ऐकू आली. माहितीतल्या कोणत्याच घुबडाची ती नव्हती. पक्षी प्रत्यक्ष दिसायला जानेवारी २००१ उजाडलं. २००४ मध्ये वारकागोडा आणि पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं: सेरेंदीब स्कॉप्स घुबड, लांबी जेमतेम साडेसोळा सेंटिमीटर, तांबूस, आणि बऱ्याच स्कॉप्स घुबडांना असतात तसे कानावर तुरे नसलेलं. या बेटावर नवा पक्षी सापडायला शतकाहून जास्त काळ लोटला होता. यातल्या रासमुसेन यांचं नाव महाराष्ट्रातल्या पक्षीमित्रांना नवं नाही. ११३ वर्षं कुणाला न दिसलेला रानपिंगळा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडला, तो त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना.

आज हे घुबड सहलींवर बऱ्यापैकी नेमाने दिसतं ते रात्री शोधून नव्हे. दिवसा ते जमिनीपासून फूट-दोन फूट ते डोक्याएवढ्या उंचीवर, वाळक्या पानांच्या गुंत्यात झोपतं, आणि स्थानिक वाटाडे पहाटेपासून त्या जागा तपासत फिरतात. सापडलं की फोन. गट थांबतो, दोघे-दोघे करून पुढे जातात, दहा पावलांवरून पाहतात, परततात. फ्लॅश नाही, फांदी बाजूला करणं नाही. घुबडाने डोळे उघडून मान ताणली, अंग बारीक केलं की ते त्रासलंय. तिथे थांबणं संपलं. फ्रॉगमाउथ या निशाचर पक्ष्याचंही असंच. तो गोव्याच्या जंगलांतही आहे, पण तिथे त्याच्या बसण्याच्या जागा माहीत असलेली माणसं थोडी. सुकलेल्या वेलीवर नर-मादी खांद्याला खांदा लावून बसतात, नर राखाडी, मादी तांबूस, आणि पाच फुटांवरूनही ती पानंच वाटतात.

यातून सहलींवरचा सर्वांत अवघड प्रश्न येतो, तो पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याचा. हद्द राखणारा नर आवाज ऐकून प्रतिस्पर्धी आला असं समजून पुढे येतो, दर्शन मिळतं. पण त्याचा वेळ जातो, घरटं उघडं पडतं, आणि रोज नवा गट येणाऱ्या ठिकाणी काही दिवसांनी तो उत्तर द्यायचंच सोडतो. काही सेकंद, पक्षी पुढे आला की लगेच बंद, आणि सगळे गट ज्या जोडीकडे जातात तिथे अजिबात नाही, ही मर्यादा पाळणारा गाइड शोधावा. पाहुण्यांच्या फोनचा उपद्रव वेगळाच. ऐकलेला आवाज ताडून पाहायला कुणीतरी ॲपमधली ध्वनिफीत मोठ्याने लावतो आणि गाइडने अर्धा तास शांत उभं राहून जवळ येऊ दिलेला स्परफाऊल पळतो. हा कोंबडीसारखा पक्षी आपल्या चकोत्रीचा तिथला भाऊबंद, पहाटे जोडीने ओरडतो आणि दिसायचं मात्र नाव घेत नाही. ताडून पाहायचंच तर इअरफोन लावून.

आवाजाऐवजी खाऊ घालण्याचा मार्ग अनेक देशांत रुळला आहे. इक्वेडोरमध्ये मिंदोजवळ आंखेल पास या शेतकऱ्याने महाकाय अँटपिटा या अत्यंत लाजऱ्या पक्ष्याला गांडुळं टाकून टाकून उघड्यावर यायची सवय लावली. त्या पक्ष्याला मारिया नाव दिलं, आणि शेतजमिनीवरचं जंगल तोडण्यापेक्षा राखण्यात जास्त पैसा आहे हे आसपासच्यांना दिसलं. सिंहराजाच्या कडेच्या काही घरांच्या परसातही भाताची शितं टाकून मॅगपाय आणि स्परफाऊल येऊ देतात. आडोशाला बसायचं, घरच्यांना पैसे द्यायचे. शुद्धतावाद्यांना हे रुचत नाही. आवाज वाजवून वीस गटांनी एका जोडीला छळण्यापेक्षा परसातली चार शितं मला बरी वाटतात, शिवाय पैसा जंगलाशेजारच्या घरात जातो.

नुवारा एलियाला पोचल्यावर निम्मा गट थंडीने गारठतो. श्रीलंका म्हणजे उकाडा, या समजुतीने स्वेटर कुणी घेतलेला नसतो. गाव १,८६८ मीटरवर, हॉर्टन प्लेन्सचं पठार त्याहून वर, २,१०० मीटरच्या आसपास, आणि जानेवारी-फेब्रुवारीत तिथे पहाटे गवतावर दंव गोठतं. तिथला शीळ कस्तूर आपल्या शीळकरी कस्तुराचा नातलग, पण बुजरा आणि झुंजुमुंजू उजेडातच पाण्याकाठी येणारा. म्हणून पहाटे साडेचारच्या सुमारास निघायचं, फाटकातून आत जाणाऱ्या पहिल्या गाड्यांत राहायचं आणि अरेंगा पूल नावाच्या रस्त्याकडेच्या छोट्याशा डबक्यापाशी थेट जायचं. उजेड नीट झाला, वर्ल्ड्स एंड नावाच्या कड्याकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या सुरू झाल्या की तो गेला. खोळंबा झाला तर दुसरी पहाट लागते, म्हणून इथेही दोन रात्री.

संध्याकाळी मात्र गावातली व्हिक्टोरिया बाग. मुलांची खेळण्यातली आगगाडी, प्रेमी युगुलं, कडेने वाहणारा कचऱ्याने भरलेला ओढा, आणि त्याच ओढ्याकाठी हिमालयातून आलेला पाइड थ्रश, काश्मिरी माशीमार, निळा रॉबिन. काश्मिरी माशीमार काश्मीर आणि आसपासच्या डोंगरांत वीण करतो आणि हिवाळ्याला इथे येतो. तो श्रीलंकेतल्या बागेत पाहायला मिळतो याची आपल्याकडच्यांना गंमत वाटते. दुर्बिणी घेऊन गटारात डोकावणाऱ्या माणसांकडे बागेतले लोक आता वळूनही बघत नाहीत.

पैशांच्या बाबतीत छापील किमतीत काय नाही ते विचारावं: उद्यानांच्या जीप, परदेशी नागरिकांचे प्रवेशदर, एकट्याने खोली घेतल्यास जादा आकार, बक्षिसी. बक्षिसी गाइडला देतात, चालकाला देतात, आणि पहाटेपासून झुडपांत घुबड शोधत फिरलेल्या वाटाड्याला विसरतात. त्याचं पाकीट त्या-त्या जागी, त्याच दिवशी, त्याच्या हातात द्यावं. शेवटच्या दिवसापर्यंत तो दोन जिल्हे मागे राहिलेला असतो.

रात्री जेवणानंतर यादी वाचली जाते. गाइड एकेक नाव घेतो, पाहिलं त्यापुढे खूण, नुसतं ऐकलं त्यापुढे 'ऐकला'. पहिल्या दोन रात्री या 'ऐकला'वरून गटात नाराजी असते. पैसे देऊन आलो ते ऐकायला का, असा सूर. यादी पुरी करायच्या हव्यासात शेवटचे दोन दिवस सुटलेल्या तीन पक्ष्यांमागे गाडीत काढणारे गटही पुष्कळ, आणि गाइडवर ते दडपण आणलं की तोही मग नको तिथे आवाज वाजवतो. माझ्या मते 'ऐकला'चा रकाना लांबत गेलेली सहल वाया गेलेली नसते, बशर्ते ते आवाज गटातल्या माणसांनी स्वतः ओळखायला घेतलेले असावेत. त्यासाठी निघण्यापूर्वी महिनाभर रोज पाच-सहा आवाज ऐकले तरी पुरतं: आधी सातभाई, कोतवाल आणि पिवळ्या कानाचा बुलबुल, कारण नेहमीचे आवाज पक्के झाले की वेगळा आवाज आपोआप वेगळा ऐकू येतो.

याद्या ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवताना घुबडांच्या झोपण्याच्या जागा नेमक्या टाकू नयेत. फोटोंतून जीपीएसची नोंद काढून टाकावी, आणि व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो कुणी 'नेमकं कुठे?' म्हणून विचारलं तर कितुलगला एवढंच उत्तर पुरे.